डावा गाल पास

"लावा हात. लावा हो, लाजू नका. कसं हाय?"

सकाळी साडेदहाला कचेरीत शिरलं की पहिलं काम हे. मस्टरवरची सही नंतर. बाबू आपला हात धरायचे, स्वतःच्या गालावर ठेवायचे आणि डोळे मिटून निकालाची वाट बघायचे. आता तुम्हीच सांगा, माणसानं काय म्हणावं? गालावर तीन ठिकाणी वर्तमानपत्राचे कपटे चिकटलेले, हनुवटीखाली रक्ताचा वाळलेला ठिपका, आणि मधेमधे तुरीच्या कापलेल्या खुंटांसारखे राहून गेलेले केस. आपण "बरं आहे की" असं पुटपुटायचं. "बराबर सांगा!" बाबू डोळे उघडायचे. "कालच्यापेक्षा बरं, का कालच्यासारखंच?"

त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण कचेरीत ते बाबू आणि गावातही बाबूच. हिंगोलीत आमची एक लहानशी सरकारी कचेरी होती. तेव्हा हिंगोलीचा जिल्हा व्हायचा होता आणि प्रत्येक बारीकसारीक कागद परभणीला जायचा. मी नवाकोरा कारकून, पंचविशीचा. बाबू चाळिशी उलटलेले, माझ्या समोरच्या टेबलावर. मूळचे साखऱ्याचे. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. आठवडाभर हिंगोलीत खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी पळायचे. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव त्याहून चांगला, पण दाढीचा विषय निघाला की हा माणूस हातातून गेलाच म्हणून समजा.

त्याला कारण होतं. साखऱ्यात हिवाळ्यातल्या जत्रेला गावचं नाटक व्हायचं. नाटक शाळेतले गुरुजी लिहायचे. दरवर्षी नवं, पण बाईचं काम तेच: सोसायचं, रडायचं, शेवटी सगळ्यांना क्षमा करायची. ते काम बारा वर्षं बाबू करत होते. लुगडं नेसून ते उभे राहिले की तुम्ही बघायला पाहिजे होतं. मान कशी वळवायचे, पदर कसा सावरायचे! एरवी जाडजूड बोटांचा हा माणूस, पण रंगमंचावर हातातली चहाची कपबशीसुद्धा अशी थरथरायची की आयाबायांच्या डोळ्यांना धार लागायची. भानगड एकच होती. तोंडावर केस फार. सकाळी केलेली दाढी दुपारच्या डब्यापर्यंत हिरवी पडायची.

नाटकाच्या महिनाभर आधी ते मिशी काढायचे, आणि मग आणखी एक घोळ. आमच्याकडे मिशी उतरवलेला माणूस दिसला की घरात कुणीतरी गेलं असं समजतात. हिंगोलीच्या बसस्टँडवर अनोळखी म्हातारे बाबूंच्या खांद्यावर हात ठेवायचे. "वडील?" असं हळूच विचारायचे. "न्हाई, नाटक," असं बाबू तितक्याच गंभीरपणे सांगायचे. म्हातारे "अरेरे" म्हणून पुढं जायचे.

तर दाढी. त्या वर्षांत बाजारात वापरून फेकून द्यायची ती पिवळी प्लास्टिकची रेझरं नुकतीच आली होती. पानटपरीवर माळेत लटकवलेली असायची, मूठभर नाण्यांत मिळायची. दुसरीकडे काचेच्या कपाटात ती श्रीमंत रेझरं: दोन पात्यांची, मान हलवणारी, मखमलीच्या खोक्यात निजलेली. आमच्या कचेरीत यावरून सरळ दोन पक्ष पडले. मी श्रीमंत पक्षाचा. माझ्याकडे पोलादी रेझर होतं, लाकडी मुठीचा ब्रश होता, आणि त्याचा मला भलताच गर्व होता. आमचे साहेब पिवळ्या पक्षाचे. "गाल तोच, पातं तेच, खोक्याला कशाला पैसे?" असं ते टपाल फोडता फोडता म्हणायचे.

बाबू कुठल्याच पक्षात नव्हते, ते न्यायाधीश. त्यांनी प्रयोग लावला. उजव्या गालावर कुणाचं तरी मागून आणलेलं भारी रेझर, डाव्यावर पिवळं. मग अख्ख्या कचेरीनं हात लावून मत द्यायचं. निकाल दर वेळी सारखाच यायचा: दोन्ही गाल भयंकर. "म्हंजी माझ्या कातड्यातच खोट हाय," असं म्हणून बाबू खाली मान घालून फाईल ओढायचे. त्यांचा तो चेहरा बघून मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

एका वर्षी, नाटकाला पंधरा दिवस राहिले असताना, साखऱ्याच्या नाटक मंडळाचा नवा अध्यक्ष कचेरीत येऊन उभा राहिला. तरणा पोरगा, पांढरे बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. बाबूंनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यानं चहा पिऊन घेतला आणि मग म्हणाला, "बाबूकाका, यंदा व्हिडिओ शूटिंग हाय. मोठे लाईट लावून राहिलो. मागच्या टायमाला फोटोत तुमचा गाल हिरवागार आला. पोरं म्हणून राहिली, नांदेडहून बाई आणू."

बाबूंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काहून?" एवढंच ते म्हणाले.

"आता बाईचं काम बायाच करतात, काका. जमाना बदलला."

मला राग आला. मी तिथल्या तिथं म्हणालो, "अहो, गाल हिरवा दिसतो म्हणून काढता? गाल साफ असला तर?" पोरगं जरा गडबडलं. ते तसं वाईट नव्हतं, नुसतं घाईत होतं. म्हणालं, "मंग रविवारी रंगीत तालीम हाय. भर दुपारी, शाळेपुढं उन्हात. मंडळ गाल बघंल. गुळगुळीत असला तर बाबूकाकाच. न्हाईतर नांदेड."

ते गेल्यावर बाबू मला टपरीवर घेऊन गेले. चहा आला तसा त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "भाऊ, घरी मी मेंढरं कातरतो, इथं कागद काळे करतो. मला कोण बघतं? वर्सातनं एकदा, दोन घंटे, सारं गाव माझ्याकडं बघतं. माझ्यासाठी रडतं हो! ते गेलं तर मी काय करू?" मी टेबलावर मूठ आपटून म्हटलं, "बाबू, चला. भारी रेझर घेऊ. आज, आत्ता!"

हिंगोलीच्या बाजारातल्या त्या जनरल स्टोअरच्या मालकाचा आम्ही जो छळ केला, त्याला तोड नाही. बाबूंनी मखमली खोक्यातलं रेझर बाहेर काढायला लावलं. त्याची मान हलवून बघितली. कानाशी धरून बोटानं पात्याला टिचकी मारली. "काय करताय?" मी विचारलं. "आवाज ऐकून राहिलो. चांगल्या कातरीचा आवाज येगळा असतो." मालक घाबरून म्हणाला, "भाईसाब, ये बाजा नहीं है, दाढी का है! मक्खन चलता है, मक्खन!" बाबूंनी खोकं खाली ठेवलं आणि दुकानाबाहेर पडले. गणपतीच्या देवळापर्यंत गेले. परत आले. पिवळ्याचं पाकीट घेतलं. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. तिसऱ्या खेपेला मालकानं आम्हाला बघून हातच जोडले. शेवटी दोन्ही घेतली. "क्रीम?" मालकानं विचारलं. "साबण घरी हाय की," बाबू म्हणाले, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ते खोकं त्यांनी रुमालात गुंडाळलं, रुमाल पिशवीत घातला आणि पिशवी छातीशी धरून चालले.

शनिवारी मीही त्यांच्याबरोबर साखऱ्याला गेलो. एवढा मोठा सामना, आणि मी घरी बसून राहू?

रविवारी सकाळी बाबूंनी अंघोळ केली. खसाखसा तोंड धुतलं. मग अंगणात बाजेवर उन्हाकडे तोंड करून बसले. मी शेजारी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. बाबू आपले डोळे मिटून बसलेले. अधूनमधून गाल चाचपायचे आणि "अजून दमट हाय" म्हणायचे. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. बाबूंची बायको, आमच्या वहिनी, ज्वारी निवडत होत्या, त्यांना काहीच विशेष वाटत नव्हतं.

मग बाबू उठले, मखमली खोकं उघडलं, डाव्या हातानं स्वतःचीच हनुवटी घट्ट धरली, मान उलटी पिरगाळली, तोंडानं हळूच "हुर्रर्र, हुर्रर्र" केलं आणि ते नवंकोरं रेझर कोरड्या ठक्क गालावर कानापासून खाली ओढलं. खर्रर्रर्र! कौलावरचे कावळे उडाले, खोटं सांगत नाही. मी किंचाळलो. तोवर त्यांनी अर्धा उजवा गाल सोलून काढला होता.

"बाबू! अहो साबण! पाणी!"

"ते काहून?"

"काहून म्हणजे? दाढी भिजवत नाही तुम्ही?"

बाबू माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच खुळा. मग एखाद्या लेकराला समजवावं तसं समजावून सांगितलं. मेंढरू आधी ओढ्यावर धुवायचं. मग उन्हात वाळवायचं. खडखडीत वाळल्याशिवाय कातर लावायची नाही. ओली लोकर कातरीत गुंतते, कातर खराब होते, मेंढरालाही तकलीफ. त्यांच्या वडिलांनी हे त्यांना आठव्या वर्षी शिकवलं होतं, आणि पुढं दाढी आली तेव्हा वेगळं शिकवायची कुणाला गरज वाटली नाही. "लोकर ती लोकर," बाबू म्हणाले. "बराबर हाय का न्हाई?"

"अहो, मग न्हावी साबण कशाला लावतो?"

"गिऱ्हाइकानं तोंड उघडू नये म्हणून! न्हाईतर किती बोलतात लोक."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस स्वतःला कातरत होता! आणि आम्ही कचेरीत बसून पात्यांवर वाद घालत होतो, साहेबांसकट. ती हनुवटी पिरगाळणं, ते हुर्रर्र, सगळं मेंढराचं. मेंढरू बिचकू नये म्हणून जे म्हणायचं ते हा गडी स्वतःला म्हणत होता. मला असं काही हसू फुटलं की मी बाजेवरून खालीच आलो. वहिनी ज्वारीचं सूप ठेवून बघायला आल्या. त्यांना वाटलं पाहुण्याला झटका आला.

पण वेळ नव्हता. तालमीला दीड तास. मी वहिनींना गरम पाणी मागितलं, अंघोळीचा साबण मागितला. ब्रश नव्हता, हातानंच बाबूंच्या डाव्या गालाला फेस चोळला. बाबू जीव मुठीत धरून बसलेले. मी मखमली रेझर उचललं तर त्यांनी झडप घालून माझा हात धरला. "ते न्हाई! भारी हाय ते, भिजलं तर गंजंल!"

"अहो बाबू, ते भिजवायलाच..."

"न्हाई म्हंजी न्हाई. हे घ्या." पिशवीतून पिवळं काढून दिलं. "हे भिजलं तरी चालंल."

पिवळं घेतलं, गरम पाण्यात बुडवलं आणि फिरवलं. आवाजच नाही. फेस निघून येत होता आणि मागं गाल उघडा पडत होता, पोरीच्या गालासारखा. बाबूंनी एक डोळा उघडला. "सुरू करा की," ते म्हणाले. "झालं," मी म्हणालो. त्यांनी गालावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. वहिनींना बोलावलं, त्यांचाही हात लावला. वहिनी लाजून आत पळाल्या. बाबू म्हणाले, "पंचवीस वर्सं मी मेंढरू व्हतो, भाऊ." आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. दोघंही अंगणात पोट धरून बसलो.

तालमीला उजवा गाल टोमॅटोसारखा लाल आणि डावा लोण्यासारखा. बाबूंनी काय करावं? पूर्ण दोन अंक प्रेक्षकांना डावी बाजू देऊन केले. नवरा डावीकडे असला तर त्याच्याशी बोलायचे, उजवीकडे असला तर पदर ओढून मुसमुसायचे. सासूनं उजव्या गालात मारायची होती, तिला कुजबुजून सांगितलं, "डाव्यात मार, डाव्यात." मंडळाची पोरं पार जवळ येऊन, डोळ्यांवर हात धरून बघत होती. शेवटी अध्यक्ष खाली मान घालून म्हणाला, "डावा पास. उजवा जत्रेला बघू." बाबूंनी लुगड्यातच त्याला मिठी मारली.

जत्रेपर्यंत उजवा गालही बरा झाला. मी स्वतः जाऊन, पिवळ्यानंच, दोन्ही गाल केले. लाईट नऊला जायची म्हणून नाटक दिवेलागणीलाच उभं राहिलं. मी विंगेत. बाबू हिरवं लुगडं नेसून, कपाळाला कुंकू लावून प्रवेश करते झाले. मोठे लाईट थेट तोंडावर पडले. खरं सांगतो, मीसुद्धा क्षणभर परक्या बाईकडे बघतोय असं वाटून नजर खाली केली.

पब्लिकमध्ये चिडीचूप. दरवर्षी बाबू आले की शिट्ट्या व्हायच्या, "आला रे बाबू" व्हायचं. यंदा काहीच नाही. बाबूंनी पहिलं वाक्य म्हटलं, तरी काही नाही. आणि मग पुढं बसलेली एक म्हातारी, घोंगडी पांघरलेली, काठी टेकत उभी राहिली.

"आमचा बाबू कुठाय?"

झालं! सगळीकडून आवाज उठले. "नांदेडची बाई आणली रे!" "बाबूला काढलं!" "हिला काहून आणली?" एक कांदा रंगमंचावर येऊन पडला. अध्यक्ष माईक घेऊन पुढं पळाला, "अवो, बाबूकाकाच हायत ते!" असं घसा फोडून सांगायला लागला, त्याच्यावर दुसरा कांदा. म्हातारी हटून बसली. "बाबू आल्याबिगर मी बघायची न्हाई. उठा गं सगळ्या!" आणि बाया खरंच उठायला लागल्या.

बाबू रंगमंचाच्या मधोमध उभे. त्यांना काय चाललंय ते आधी कळलं नाही. मग कळलं. डोळे भरले, काजळ ओघळलं. केसांचा टोप काढला असता तर प्रश्नच मिटला असता, पण नाटकात टोप काढायचा नाही हे त्यांना बारा वर्षं ठाऊक. ते तसेच पदर सावरत पुढं आले आणि आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माय, मीच हाय की."

"खोटं बोलू नको गं!" म्हातारी कडाडली. "नक्कल करती काय?"

"मंग सांग, परवा तुझी शेळी अडली व्हती, तवा कोण बसलं व्हतं दोन घंटे? नांदेडची बाई?"

म्हातारी काठीवर वाकून नीट बघत राहिली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. मग ती एकदम ओरडली, "अगं बाई! बाबूच हाय की गं ह्यो! काय झालं रं तुला, इतका ग्वाड काहून दिसून राहिला?" आणि जो काही हशा उठला, ज्या काही शिट्ट्या झाल्या! पाच मिनिटं नाटक थांबलं. बाबू पदराआड तोंड घालून हसतही होते आणि रडतही होते. विंगेत मी माझं काय करत होतो ते विचारू नका. मग म्हातारी खाली बसली, घोंगडी ओढून घेतली आणि हुकूम सोडला, "हां, चालू द्या. रड आता."

त्यानंतर नांदेडचं नाव कुणी काढलं नाही. बाबूंनी पुढं सात-आठ वर्षं ते काम केलं. हिंगोलीचा जिल्हा झाला, माझी बदली औंढ्याला झाली, पण जत्रेच्या दिवशी सकाळी मी साखऱ्यात हजर. गालावरचे केस पांढरे झाले. "आता हिरवं दिसायची भीती न्हाई," असं बाबू फेसातून म्हणायचे, आणि पाणी कोमट झालं की वहिनींना हाक मारायचे.

एका पावसाळ्यात ते गेले. शेतात बसल्या जागी, कुणाला काही त्रास न देता. निरोप मला दोन दिवसांनी पोचला आणि मी पहिली एसटी धरून साखऱ्याला गेलो. त्या हिवाळ्यात मंडळानं नाटक बंद ठेवलं. पुढच्या वर्षी पुन्हा केलं, आणि नांदेडहून बाई आणली.

मी गेलो होतो. जाऊ नये असं वाटत होतं तरी गेलो. बाई खरंच चांगली होती. आवाज गोड, पाठांतर पक्कं, रडणं अगदी ठरल्या जागी. ती म्हातारी तेव्हाही जिवंत होती, नव्वदीची असेल. पुढच्या रांगेत माझ्या शेजारी बसून तिनं पहिला अंक हूं की चूं न करता बघितला. पडदा पडला तसा मी विचारलं, "काय आजी, कशी आहे बाई?"

"चांगली हाय," म्हातारी काठी शोधत म्हणाली. "पर बाबूइतकी बाई न्हाई."